आगीच्या दिवशीची हजेरी

कॉलेजात माझा चेहरा फारसा कोणी ओळखत नसे. आवाज मात्र सगळे ओळखत. एकदा विरारच्या बाजारात मी भेंडी निवडत होते. भाजीवालीला म्हटलं, "कोवळी दे गं, मागच्या वेळेसारखी जून नको." तर शेजारी कोथिंबीर घेणारा एक दाढीवाला तरुण एकदम सावरून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅम, तुम्ही सूचना मॅडम ना?" पाच वर्षं कॉलेजात काढून गेलेला मुलगा, मला कधी पाहिलेलं नाही, पण भेंडीच्या भावातही त्याला मी ऐकू आले. नोकरीत बढती मिळाली तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

कागदोपत्री मी वरिष्ठ लिपिक. फीच्या पावत्या, बोनाफाइड दाखले, रेल्वेच्या पासाचे अर्ज हे सगळं करायचेच. पण माझ्या टेबलावर एक माइक होता आणि त्याची वायर कॉलेजातल्या प्रत्येक वर्गात, जिन्यात, कँटीनमध्ये गेलेली होती. कोणाला काही सांगायचं असलं की तो माणूस माझ्याकडे येई आणि मी ते सगळ्यांना सांगत असे. निवृत्त होईपर्यंत मी हेच केलं. काम साधं वाटतं. पण आपण बोललेलं समोरच्यापर्यंत कसं पोचतं, हे कोडं मला पहिल्या वर्षापासून लागलं आणि अजून पुरतं सुटलेलं नाही.

काही गोष्टी मात्र कळल्या. पहिलं वाक्य कोणी ऐकत नाही. म्हणून ते नेहमी बिनकामाचं ठेवायचं. "विद्यार्थी मित्रांनो, इकडे लक्ष द्या" हे लक्ष वेधण्यासाठी नसतंच, ते वाया घालवण्यासाठी असतं. 'कृपया' हा शब्द तर हवेतच विरतो. गाडीचा नंबर सांगितला तर मात्र झोपलेला मुलगाही उठतो. आणि 'अमुक ठिकाणी जाऊ नये' असं कधीही सांगायचं नाही. मुलींच्या कॉमन रूममध्ये एकदा धामण शिरली. मी घाईत म्हटलं, "कॉमन रूममध्ये कोणीही जाऊ नये." पुढच्या काही मिनिटांत सगळं कॉलेज कॉमन रूमच्या दारात. मुलगे, प्राध्यापक, कँटीनचा आचारीसुद्धा हातात झारा घेऊन. धामण बिचारी गर्दी बघून खिडकीतून निघून गेली. त्या दिवसापासून मी फक्त 'कुठे यायचं' तेवढंच सांगू लागले.

या कॉलेजात माझा आवाज पोचत नाही अशी एकच जागा होती, आणि तिचं उद्घाटन माझ्याच आवाजाने झालं होतं. मागच्या इमारतीत, तळमजल्याच्या अगदी टोकाला, मीडियाच्या मुलांसाठी ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ बांधला. भिंतींना जाड फोम, दाराला रबराची कड, बाहेर लाल दिवा. आतल्या ध्वनिमुद्रणात व्यत्यय नको म्हणून माझा स्पीकरही तिथे बसवला नव्हता. पाहुण्यांसमोर चाचणी घ्यायची म्हणून मला दाराबाहेर उभं केलं आणि सांगितलं, ओरडा. मी पोटापासून ओरडले. आतल्यांना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मग आतून सगळे टाळ्या वाजवत बाहेर आले. मीही हसले, पण घरी जाताना जरा चुटपुट लागली.

आता डोंगराविषयी सांगते. आमचं कॉलेज विरार पूर्वेला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. पुढे मैदान, मग कार्यालय आणि मुख्य इमारत, तिच्या मागे दुसरी इमारत, तिच्याही मागे दुचाक्यांचं पार्किंग आणि मग कुंपणाची भिंत. भिंतीपलीकडे डोंगर सुरू. पावसाळ्यात हिरवागार, शिमग्यानंतर सगळं गवत वाळून पिवळंधमक. दर वर्षी तिथे कुठे ना कुठे वणवा लागतोच. आम्ही खिडकीतून बघायचो, "आज वरच्या अंगाला दिसतोय" म्हणायचो आणि चहा घ्यायचो. दुपारचा वारा समुद्राकडून येतो, तो आग डोंगरावर चढवत नेतो आणि आमच्यापासून लांब पाठवतो. म्हणून कोणी घाबरत नसे.

त्या दिवशी वणवा सकाळी लागला. सकाळचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे डोंगरावरून थेट आमच्यावर. हा फरक मला तेव्हा ठाऊक नव्हता. आमचे शिपाई भोईरमामा हातातली चाव्यांची जुडी तशीच घेऊन धावत आले.

"मॅडम, डोंगर पेटलाय. वारा आपल्याच अंगावर हाय. भिंतीपर्यंत येनार बघा!"

मी प्राचार्यांना फोन लावला. आमचे डिमेलो सर फार सज्जन आणि फार सावध. अग्निशमन दलाला त्यांनी लगेच कळवलं, मग माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना मैदानात बोलवा. पण 'आग' हा शब्द नको. पळापळ होईल, कोणी जिन्यात पडेल."

सरांचं म्हणणं चूक नव्हतं. मी माइक सुरू केला. "विद्यार्थी मित्रांनो, इकडे लक्ष द्या. काही तांत्रिक कारणामुळे सर्वांनी वर्ग सोडून मैदानात यावे." मग खिडकीतून बघत बसले. कोणी आलं नाही. तांत्रिक कारण आमच्याकडे रोजच असे. पाण्याचा पंप बंद, प्रोजेक्टर बंद, निकाल उशिरा, सगळं तांत्रिक कारणानेच. एका प्राध्यापिकेने तर वर्गातून फोन करून विचारलं, "हे लेक्चर संपल्यावर आलो तर चालेल का?"

तोवर मुलांच्या मोबाइलवर डोंगराचे व्हिडिओ फिरू लागले होते. कॉलेजचा अधिकृत व्हॉट्सअॅप ग्रुप मात्र गप्प. त्या ग्रुपवर फक्त अॅडमिनच लिहू शकत असे, आणि अॅडमिन असलेले प्राध्यापक मुलीच्या साखरपुड्याला कोल्हापूरला गेलेले. म्हणजे खरी खबर ज्यांच्याकडे होती त्यांना लिहिता येत नव्हतं आणि बाकीच्या ग्रुपांवर ज्यांना लिहिता येत होतं ते सगळं मनचं लिहीत होते. कार्यालयातला फोन घणघणायला लागला. अर्नाळ्याहून एका बाईंनी विचारलं, "कॉलेज जललं काय वो? माझी पोर कुठं हाय?" मी म्हटलं, "बाई, कॉलेज उभं आहे, मी त्यातूनच बोलतेय." त्यांचा विश्वास बसेना.

सरांनी आता होकाराची मान हलवली. मी दुसऱ्यांदा माइक घेतला आणि स्पष्ट सांगितलं, "डोंगराला आग लागली आहे. सर्वांनी मैदानात यावे."

या वेळी सगळे उठले. वर्गांतून लोंढा निघाला आणि त्यातले निम्मे उलट्या दिशेला धावले. मागे, आगीकडे. मला काही कळेना. मग लक्षात आलं, पार्किंग तिकडे होतं. वसई-विरारमध्ये मुलाला दुचाकी मिळणं म्हणजे काय असतं ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. स्टेशनपासून कॉलेज लांब, रिक्षात चौघांबरोबर कोंबून यायचं, त्यातून सुटका करणारी ती गाडी. मुलांना आग ऐकू आली आणि डोळ्यांसमोर आपली गाडी आली. पार्किंगचं फाटक अरुंद, एका वेळी एकच गाडी निघेल असं. तिथे शंभरेक मुलं, पेट्रोलने भरलेल्या गाड्या आणि भिंतीच्या वर दिसणारा धूर.

भोईरमामा तिकडून हाका मारत होते, त्यांना कोणी जुमानत नव्हतं. मला धामण आठवली. 'पार्किंगकडे जाऊ नये' म्हटलं तर उरलेलेही तिकडे जातील. असं काय आहे, जे ऐकून या मुलांना पुढे यावंसं वाटेल? मार्च महिना होता. हजेरी कमी असलेल्यांना परीक्षेला बसू द्यायचं की नाही, यावर त्या आठवड्यात वर्गावर्गात रडारड चालू होती. मी सरांकडे बघितलं, माइकवर हात ठेवला आणि विचारलं, "सर, मैदानात हजेरी घेतली तर?"

"घ्यायलाच हवी. कोण राहिलंय ते कळेल," सर म्हणाले.

"आणि जो मैदानात असेल त्याला पूर्ण दिवसाची हजेरी द्यायची?"

सर म्हणाले, "पूर्ण आठवड्याची द्या."

मी तसंच सांगितलं. "मैदानात आत्ता हजेरी घेतली जाणार आहे. जो मैदानात हजर असेल त्याला पूर्ण आठवड्याची हजेरी मिळेल." माझ्या नोकरीतली सगळ्यात यशस्वी सूचना तीच. पार्किंगमधली गर्दी वळली. एका मुलाने तर फाटकापर्यंत ढकलत आणलेली गाडी तिथेच स्टँडला लावली आणि धावत सुटला. खोटं कशाला बोलू, मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

मैदानात रांगा लागल्या. धुराने डोळे चुरचुरत होते, राखेचे काळे कण अंगावर पडत होते, पण सगळे उन्हात उभे होते. अग्निशमन दलाची गाडी आली, तिच्यातल्या अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आत कोणी आहे का?" सर म्हणाले, "हजेरी चालू आहे, दोन मिनिटांत सांगतो." अधिकारी म्हणाले, "आत कोणी नसेल तर मी सगळी माणसं भिंतीवर लावतो. असेल तर आधी आत जावं लागेल." म्हणजे पुढचं सगळं आमच्या हजेरीवर होतं.

वर्गशिक्षक आपापल्या वर्गाचे रोल नंबर पुकारत होते. मीडियाच्या वर्गाची मॅडम नवीन होती, तिचा आवाज त्या गोंगाटात पोचत नव्हता, म्हणून मी माझा हातातला भोंगा घेऊन तिच्या मदतीला गेले. ती नंबर दाखवायची, मी पुकारायचे. "सात." "प्रेझेंट मॅम." "आठ." "प्रेझेंट." असं चाललं होतं. आमचा वर्ग पूर्ण झाला. बाकीचेही होत आले. जे सकाळपासून आलेच नव्हते त्यांचं त्यांच्या मित्रांनी सांगितलं. सर अधिकाऱ्यांकडे जायला निघाले.

आणि मी तिथेच अडखळले. आयुष्यभर मी बोलत आले तशी ऐकतही आले. एक 'प्रेझेंट मॅम' मी दोनदा ऐकला होता. पहिल्यांदा जरा मोकळा, दुसऱ्यांदा नाक दाबून, थोडा बारीक केलेला. आवाज बदलता येतो, पण श्वास घ्यायची लकब बदलत नाही. ती मुलगी 'प्रेझेंट'च्या आधी चटकन श्वास आत ओढायची. दोन्ही वेळा ओढला.

"सर, थांबा," मी भोंग्यातूनच ओरडले. मग रांगेकडे वळले. "मघाशी चौतीस नंबरला कोणी प्रेझेंट म्हटलं?"

रांगेतल्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. मी नावं विचारली नाहीत, रागावले नाही. फक्त म्हटलं, "चौतीस नंबर कोण आहे आणि ती कुठे आहे, एवढंच सांगा."

नालासोपाऱ्याची पूजा म्हणून एक मुलगी पुढे आली. तिचा चेहरा पांढराफटक. "मॅम, चौतीस म्हणजे जेनिफर. मीच बोलले. तिची अटेंडन्स आधीच शॉर्ट आहे ना, म्हणून… म्हणजे नंबर आला आणि तोंडातून निघूनच गेलं, सवयीने. मला वाटलं ती पार्किंगला गेली असेल, येईलच."

"पण ती आज आली होती?"

"आली होती ना. सकाळीच स्टुडिओत गेली. प्रोजेक्ट आहे तिचं. फोन पण फ्लाइट मोडवर टाकलाय."

मागची इमारत, तळमजला, टोकाची खोली. भिंतींना फोम. मी एका क्षणात सगळं बघितलं. ज्या आठवड्याभराच्या हजेरीचं आमिष मी स्वतः दाखवलं होतं, तीच या मुलीने मैत्रिणीसाठी उचलली होती. आणि सर अजून एक मिनिट पुढे गेले असते तर 'आत कोणी नाही' असं सांगून मोकळे झाले असते.

अधिकारी, त्यांचा एक जवान, भोईरमामा आणि मी धावलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण जाऊ नका असं म्हणायलाही कोणाला सुचलं नाही. मागच्या इमारतीच्या व्हरांड्यात धूर कमरेपर्यंत उतरला होता. अधिकाऱ्यांनी सगळ्यांना ओले रुमाल तोंडाला लावायला सांगितलं. टोकाला लाल दिवा शांतपणे जळत होता. दार आतून कडी लावलेलं. कोणी मध्येच येऊ नये म्हणून मुलं लावायचीच.

जवानाने दारावर लाथा घातल्या. मी ओरडले. भोईरमामा ओरडले. काही नाही. मला उद्घाटनाचा दिवस आठवला आणि मी तिथेच ओरडायची थांबले. या दारावर आवाज चालत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? जवान कुऱ्हाड आणायला वळला. मी मात्र भिंतीकडे बघत होते. माझ्या स्पीकरची वायर त्या व्हरांड्यातून जायची, ती जिथे वळते तिथेच विजेची पेटी होती हे मला वर्षानुवर्षं माहीत होतं. मी झाकण उघडलं आणि सगळे खटके खाली ओढले. लाल दिवा विझला. आतलाही विझला असणार.

जन्मभर बोलून पोट भरलेल्या बाईने शेवटी अंधार करून हाक मारली.

थोड्या वेळाने कडी वाजली. दार उघडलं, मोबाइलचा उजेड लावून जेनिफर उभी होती, गळ्यात हेडफोन. बाहेरचा धूर अंगावर आला तशी ती खोकायला लागली. मी तिचं मनगट धरलं आणि मैदान येईपर्यंत सोडलं नाही. मैदानात पूजा तिच्या गळ्यात पडून इतकी रडली की अधिकाऱ्यांना वाटलं तीच जखमी आहे.

मग जवान सगळे भिंतीवर गेले. आग भिंतीला लागून खालच्या गवतात आली, पार्किंगच्या कोपऱ्यातल्या दोन गाड्यांच्या सीटा वितळल्या, मागच्या खिडक्यांच्या काचा तडकल्या. स्टुडिओच्या दाराला बाहेरून काळे डाग पडले. त्याच्या आतला फोम पेटला असता तर काय झालं असतं, हे अधिकाऱ्यांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं. सरांनी मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बारा वाजायच्या सुमारास वारा फिरला आणि धूर डोंगरावर चढू लागला. जेनिफर मैदानात बसून पाणी पीत होती. ती पाचूबंदरची, घरचे मासेमार. डोंगराकडे बघत ती शांतपणे म्हणाली, "मॅम, तो फिरणारच होता. आमचा पप्पा रोज सकाळच्या वाऱ्याने बाहेर जातो आणि दुपारच्या वाऱ्याने घरी येतो." मला हसू आलं आणि रडूही. डोंगराचा वणवा आणि पाचूबंदरची होडी एकाच वाऱ्यावर चालतात, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी पूजाला कार्यालयात बोलावलं. ती शिक्षेच्या तयारीनेच आली होती. मला शिक्षा द्यायची नव्हती, मला कुतूहल होतं. विचारलं, "समोर आग दिसत असतानाही प्रॉक्सी कशी दिलीस गं?" ती म्हणाली, "मॅम, हजेरी म्हणजे माणूस आहे की नाही, असं कधी वाटलंच नाही. हजेरी म्हणजे फक्त टक्के." मी तिला चहा पाजून पाठवलं. तिचं वाक्य मी सरांना जसंच्या तसं सांगितलं.

त्यानंतर आम्ही आणीबाणीत रोल नंबर पुकारायचं बंद केलं. आता प्रत्येक वर्गाला विचारतात, "तुमच्यातलं कोण दिसत नाही? त्याला शेवटचं कुठे बघितलंत?" या प्रश्नाला कोणी प्रॉक्सी देत नाही. स्टुडिओतही एक पिवळा दिवा बसवला, तो माझ्या टेबलावरून लागायचा. निवृत्त होताना नव्या मुलीला माइक सोपवला तेव्हा मी आधी त्या दिव्याचं बटण दाखवलं.

निवृत्तीच्या दिवशी जेनिफर मुद्दाम आली होती. ती आता मुंबईत एका रेडिओ कंपनीत काम करते. म्हणाली, "मॅम, त्या दिवशी मी पाचूबंदरच्या मासळीच्या लिलावावर बोलत होते, ते रेकॉर्डिंग कधी पुसलंच नाही. माझा रेकॉर्डर बॅटरीवरचा होता. लाइट गेली तरी चालूच राहिला. तुम्हाला द्यायला आणलंय."

ते मी घरी एकटीने ऐकलं. आधी तिचा आवाज, लिलावातल्या बायका बोली कशी वाढवतात ते समजावून सांगणारा. मग "अरे, लाइट गेली?" खुर्ची सरकल्याचा आवाज. कडी. आणि मग एक बाई ओरडते, "जेनिफर! जेनिफर!" मला खूप वेळ कळलंच नाही की ती बाई मी आहे. मला माझा आवाज हजारदा ऐकल्यामुळे पाठ होता, पण त्यात इतकी भीती मी कधी ऐकली नव्हती. 'विद्यार्थी मित्रांनो' नाही, 'लक्ष द्या' नाही, नुसतं एक नाव.

आणि त्यानंतर, मला त्या गडबडीत अजिबात ऐकू न आलेलं, धुरात खोकत, गोंधळून गेलेल्या एका मुलीचं सवयीचं उत्तर.

"प्रेझेंट, मॅम."